तान्ह्या आतड्याचे विरजण : ओडिशा, सेवाग्राम आणि मधला रस्ता

रायपूर शहराला पूर्व-पश्चिम छेदत जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड पश्चिमेला टाटीबंधजवळ अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या दारावरून येतो आणि पूर्वेला तेलीबांधा तलावाच्या काठाने शहराबाहेर पडतो. तेलीबांध्याहून पुढे आरंग, सराईपाली करीत तो ओडिशात शिरतो. उलट्या दिशेने गेल्यास दुर्ग, राजनांदगाव, भंडारा मागे टाकीत नागपूर येते आणि तेथून वर्धा, सेवाग्राम फार दूर नाही. या एकाच रस्त्याच्या दोन दिशांना, जवळपास एकाच काळात, भारतीय संशोधक एकच प्रश्न घेऊन खेड्यापाड्यांतील नवजात बालकांपर्यंत गेले होते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळाला उपकारक जिवाणूंची एक पुडी चाटवली, तर त्याचा रक्तातील जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, टळतो का? ओडिशातून आलेले उत्तर 2017 साली जगभर गाजले. सेवाग्रामचा सहभाग असलेले उत्तर त्याच्या दोन वर्षे आधी प्रसिद्ध झाले होते. त्याची बातमी फारशी झाली नाही. आज तेलीबांध्याच्या, किंवा कुठल्याही भारतीय शहराच्या, औषधांच्या दुकानात प्रोबायोटिकच्या पुड्या आणि थेंब सहज मिळतात. अशा वेळी या दोन उत्तरांपैकी कमी गाजलेले उत्तर अधिक बारकाईने वाचावे लागते.

प्रश्नाचे मोल समजण्यासाठी आधी वजनाकडे पाहावे. 2500 ग्रॅम ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्पो यांनी 1919 च्या सुमारास ती सुचवली, 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खूण म्हणून स्वीकारली, आणि दिवस अपुरे असणे व वजन अपुरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे उमजल्यावर 1961 मध्ये ‘जन्मतः कमी वजन’ ही संज्ञा रूढ केली. भारतात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथील कमी वजनाची पुष्कळ बाळे पूर्ण दिवसांची असतात; ती गर्भातच अशक्त राहिलेली असतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, वजनाची नोंद झालेल्या बाळांपैकी सुमारे 18 टक्के बाळे या रेषेखाली होती. अशा बाळाची त्वचा पातळ, आतड्याचे अस्तर कच्चे आणि प्रतिकारशक्ती अपुरी असते. जंतू रक्तात शिरले तर लक्षणेही ठळक नसतात. बाळ दूध ओढेनासे होते, अंग गार पडते, रडणे क्षीण होते. आजी म्हणते बाळ शांत झाले आहे, आणि तेथेच अमूल्य तास निघून जातात.

बाळाच्या पोटात जिवाणू असतात हे ज्ञान फार जुने नाही. म्युनिकमधील तरुण बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी 1885 साली नवजात बालकांच्या विष्ठेचा पद्धतशीर अभ्यास मांडला. जन्मानंतरची पहिली काळपट शी जवळजवळ जंतुरहित दिसते आणि काही तासांतच तिच्यात जिवाणूंची वस्ती सुरू होते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या वस्तीतील एका रहिवाशाला त्यांनी नाव दिले. पुढे तोच जिवाणू एशेरिशिया कोलाय, म्हणजे आपला सुपरिचित ई. कोलाय, झाला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1900 च्या आसपास, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आन्री तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले जिवाणू मोठ्या संख्येने आढळले. हेच बिफिडोबॅक्टेरिया. जुलाबाने आजारलेल्या बाळांत ते कमी असतात हे पाहून, ते बाळांना देऊन पाहावेत अशी कल्पना तिसिए यांनी मांडली. म्हणजे आज ज्या पुडीची चर्चा होते तिचा विचार सव्वाशे वर्षांचा आहे.

या कल्पनेला कीर्ती मात्र तिसिए यांनी मिळवून दिली नाही. ती दिली त्याच संस्थेतील इल्या मेचनिकॉफ यांनी, आणि तीही बाळांच्या नव्हे तर म्हाताऱ्यांच्या नावाने. मोठ्या आतड्यातील कुजणाऱ्या अन्नातून विषे निर्माण होतात, त्यांनीच वार्धक्य येते, आणि आंबट दुधातील जिवाणू ही कुजण्याची क्रिया रोखतात, असे मत त्यांनी 1907 च्या आपल्या पुस्तकात मांडले. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळाले भक्षक पेशींच्या शोधासाठी, दह्यासाठी नव्हे. पण लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि युरोपात दह्याचा बाजार उभा राहिला. प्रोबायोटिकच्या इतिहासात शास्त्रज्ञाची कीर्ती पुराव्याच्या पुढे धावण्याचा हा पहिला प्रसंग. शेवटचा मात्र नव्हे. ‘प्रोबायोटिक’ हा शब्द 1965 मध्ये शास्त्रीय लेखनात आला तो निराळ्याच अर्थाने. एका सूक्ष्मजीवाने स्रवलेले, दुसऱ्याच्या वाढीला उत्तेजन देणारे द्रव्य असा तेव्हा त्याचा अर्थ होता. ‘पुरेशा मात्रेत दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव’ ही आजची व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने 2001 मध्ये केली.

मराठी घरात या शास्त्राला एक नेमकी उपमा आहे, ती विरजणाची. दूध तेच असते. विरजण कोणाच्या घरचे, किती लावले आणि दूध किती कोमट होते यावर दही ठरते. चांगले विरजण वेळेवर पडले नाही तर दूध तसेच राहत नाही, ते नासते, कारण हवेतील कोणी ना कोणी त्यात शिरतोच. नवजात आतड्याचेही असेच आहे. पहिल्या काही दिवसांत तेथे जे जिवाणू वस्ती करतात, ते लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल तयार करून परिसर आंबट ठेवतात, अस्तरावरील जागा अडवतात आणि नवख्या प्रतिकारयंत्रणेला वळण लावतात. तेथे रुग्णालयातील क्लेबसिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर आधी पोहोचला, तर कच्च्या अस्तरातून त्याला रक्ताची वाट सापडू शकते.

निसर्गाने हे विरजण आणि त्याचे खाद्य दोन्ही आईकडे दिले आहे. पॉल ग्योर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात दाखवले की मानवी दुधात बिफिडोबॅक्टेरियाची वाढ करणारा घटक असतो. पुढे कळले की तो घटक म्हणजे गुंतागुंतीच्या शर्करांचे एक मोठे कुटुंब आहे. बाळाला त्या पचवता येत नाहीत. त्या त्याच्यासाठी नसतातच, त्याच्या जिवाणूंसाठी असतात. कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत ही साखळी ठिकठिकाणी तुटते. बाळ आईपासून दूर अतिदक्षता विभागात असते, प्रतिजैविके सुरू असतात, आईला दूध उतरायला वेळ लागतो. कित्येक घरांत पहिला चीक ‘जड पडेल’ म्हणून पिळून टाकला जाई आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट किंवा गुटी टेकवली जाई. तान्ह्याच्या तोंडात काहीतरी घालण्याची आपली हौस जुनी आहे, आणि तिने निष्पाप हेतूने बरेच नुकसान केले आहे. मधातून येऊ शकणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला प्राणघातक बॉट्युलिझम होऊ शकतो.

आधुनिक काळात बाळांना जिवाणू देण्याचा मोठा प्रयोग झाला तो कोलंबियाच्या बोगोटा शहरात. आईच्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धतही 1970 च्या दशकाच्या अखेरीस याच शहरात, उबपेट्यांच्या टंचाईतून, जन्मली. तेथील डॉ. आंजेला ओयोस यांनी एका अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या सर्वच नवजात बालकांना वर्षभर दोन जातींचे जिवाणू दिले आणि 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आतड्याचा भाग सुजून मृत होण्याचा ‘एनईसी’ हा भयंकर आजार आदल्या वर्षी 1282 बाळांत 85 जणांना झाला होता. जिवाणू दिलेल्या वर्षात 1237 बाळांत 34 जणांना झाला. आकडे डोळे दिपवणारे होते, पण तुलना एकाच काळातील दोन गटांची नव्हती, दोन वर्षांची होती; आणि एका वर्षात रुग्णालयात जिवाणूंच्या पुडीशिवायही पुष्कळ काही बदलू शकते. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचण्या आवश्यक झाल्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील 1099 अतिलहान बाळांवरील चाचणीत, 2013 मध्ये, एनईसीचे प्रमाण 4.4 वरून 2.0 टक्क्यांवर आले, परंतु सेप्सिसमधील घट संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही. 2016 मध्ये इंग्लंडमधील 1300 हून अधिक बाळांवरील चाचणीत, निराळ्या जिवाणूने, कोणताच लाभ दिसला नाही. त्या चाचणीतील एक निरीक्षण मोठे बोलके आहे. ज्या बाळांना जिवाणू दिलाच नव्हता, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांच्या आतड्यात तो पुढे सापडला. परिचारिकांच्या हातांवरून, शेजारच्या खाटेवरून तो पसरला होता. विरजण शेजारच्या भांड्यात पडले तर कोणत्या दुधाची कोणाशी तुलना करायची?

भारताचा प्रश्न आणखी वेगळा होता. येथे बाळे केवळ अतिदक्षता विभागात मरत नव्हती, घरी मरत होती. ही गोष्ट आकड्यांनिशी जगासमोर मांडली ती छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाचे वजन करणे, ऊब देणे, सेप्सिसची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला, आणि सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर. छत्तीसगडच्या ‘मितानिन’ आणि नंतर देशभरच्या ‘आशा’ याच वाटेने बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. पण हा विजय प्रतिजैविके चालतात या गृहीतावर उभा होता. 2016 मध्ये दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांच्या अभ्यासाने ते गृहीत हादरवले. तेथे सेप्सिसच्या कारणांत ॲसिनेटोबॅक्टर अग्रस्थानी होता आणि त्याचे 82 टक्के नमुने बहुविध प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. औषध उरत नाही तेव्हा प्रतिबंध हा एकच मार्ग मोकळा राहतो. रुपया-दोन रुपयांच्या पुडीकडे एवढ्या आशेने पाहिले जाण्याचे कारण हे आहे.

ओडिशाची चाचणी या आशेला मिळालेला सर्वांत मोठा आधार. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी थेट बाळांवर प्रयोग न करता आधी अनेक जिवाणू चाळले. बाळाच्या आतड्यात टिकून राहणारा जिवाणू त्यांना हवा होता. निवडलेल्या लॅक्टोबॅसिलस प्लँटारमसोबत त्याचे खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड ही शर्करा जोडली. जिवाणू आणि त्याची शिदोरी एकत्र असलेल्या अशा मिश्रणाला सिनबायोटिक म्हणतात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहानशा अभ्यासात, केवळ सात दिवस दिल्यानंतरही हा जिवाणू कित्येक बाळांच्या आतड्यात महिनोन्‌महिने टिकलेला दिसला. मग 149 गावांत 4556 बाळांवर मुख्य चाचणी झाली. सात दिवसांची मात्रा, आणि दोन महिने पाठपुरावा. सेप्सिस किंवा मृत्यू या एकत्रित कसोटीवर प्लासिबो गटात 9 टक्के बाळे, तर सिनबायोटिक गटात 5.4 टक्के. सापेक्ष घट 40 टक्के. साध्या भाषेत, साधारण 27-28 बाळांना पुडी दिली की एका बाळाचा गंभीर आजार टळत होता. श्वसनमार्गाच्या संसर्गातही 34 टक्के घट झाली, म्हणजे आतड्यातील बदलाचा परिणाम फुफ्फुसापर्यंत जाणवत होता. ऑगस्ट 2017 मध्ये हा निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि भारतीय खेड्यातील चाचणी जगाच्या पहिल्या पानावर गेली. हे यश अस्सल आहे.

परंतु बातमीत जे हरवले ते निबंधात स्पष्ट लिहिलेले आहे. या चाचणीत प्रवेशासाठी बाळाचे वजन किमान 2000 ग्रॅम आणि गर्भकाळ किमान 35 आठवडे असणे आवश्यक होते. म्हणजे ज्यांना सेप्सिसचा धोका सर्वाधिक, ती दीड-पावणेदोन किलोची बाळे तिच्यात नव्हतीच. चाचणीतील बहुसंख्य बाळे धडधाकट वजनाची होती. दुसरे असे की नियोजित संख्या 8442 होती. लाभ ठळक दिसू लागल्याने देखरेख समितीच्या निर्णयानुसार भरती मध्येच थांबवली गेली. नीतीच्या दृष्टीने ते योग्यच होते. परिणामकारक पुडी निम्म्या बाळांना नाकारत राहणे समर्थनीय ठरले नसते. पण मापनाचा एक नियम आहे. चढ-उतार होणारी राशी सर्वांत अनुकूल दिसते त्या क्षणी मोजणे थांबवले, तर मिळालेला आकडा खऱ्यापेक्षा थोडा मोठा असण्याची शक्यता असते. 40 टक्क्यांमागे लाभ आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो नेमका 40 च आहे असे मानण्याचेही कारण नाही. आणि मृत्यू इतके थोडे झाले की पुडीने मृत्यू टळतात की नाही हे या चाचणीतून ठरू शकत नाही.

आता रस्त्याच्या दुसऱ्या दिशेला. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, स्थापन केली. वैद्यकीय शिक्षण खेड्यात राहून व्हावे, विद्यार्थ्याने घरोघर जावे, हा तिचा पाया. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉ. अंजू सिन्हा यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या संस्थेच्या समुदाय वैद्यक विभागातील डॉ. सुबोध गुप्ता, डॉ. चेतना मालिये, डॉ. बी. एस. गर्ग, सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉ. विजयश्री देवताळे, तसेच दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातील डॉ. हरीश चेलानी अशी मंडळी सहलेखक होती. चाचणीची नोंद 2008 ची, निबंध ‘बीएमजे ओपन’मध्ये 2015 चा. बाळे सगळी कमी वजनाची, वय तीन ते सात दिवस. ओडिशाच्या चाचणीने ज्या समूहाला बहुतांशी वगळले त्याच्याच जवळची. पुडी निराळी होती. ‘व्हीएसएल#3’ नावाच्या मिश्रणात आठ प्रकारचे जिवाणू होते. मात्रा दिवसाला 1000 कोटी, आणि ती सात नव्हे तर तीस दिवस. 668 बाळांना ही पुडी, 672 बाळांना प्लासिबो. कोणाला काय मिळाले हे ना आईला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. दोन महिने पाठपुरावा.

निष्कर्ष असा : संशयित सेप्सिसमध्ये 21 टक्के घट, पण ती ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही’. या तीन शब्दांनी चाचणीचे भाग्य ठरवले. त्यांचा अर्थ ‘पुडी निरुपयोगी आहे’ असा घेतला जातो, आणि तो चुकीचा आहे. दोन गटांतील धोक्याचे गुणोत्तर 0.79 आले, आणि खऱ्या गुणोत्तराचा 95 टक्के खात्रीचा पट्टा 0.56 ते 1.03 असा होता. 1 म्हणजे काहीच फरक नाही. हा पट्टा जवळजवळ संपूर्ण 1 च्या खाली आहे. केवळ त्याची कड रेषेपलीकडे तीन शतांश सांडली आहे. पुडीने आजार जवळपास निम्म्यावर येण्यापासून ते काहीच न होण्यापर्यंत सर्व शक्यता या पट्ट्यात बसतात. चाचणीने ‘नाही’ म्हटले नाही. आपले माप पुरेसे बारीक नाही, एवढेच तिने प्रांजळपणे सांगितले.

माप बारीक करण्याची किंमत ठरलेली असते. यादृच्छिक चढ-उतारांचा पट्टा निम्मा करायचा तर बाळांची संख्या दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. परिणाम खरोखर 21 टक्केच असता आणि बाळे 1340 ऐवजी साडेपाच हजारांच्या घरात असती, तर ढोबळ हिशेबाने पट्टा 0.68 ते 0.92 च्या आसपास आला असता आणि तोच निष्कर्ष ‘लक्षणीय’ म्हणून छापला गेला असता. शिवाय कसोटीही भरड होती. बाळाला ‘संभाव्य गंभीर जिवाणुसंसर्ग’ आहे हे लक्षणांवरून ठरवले जाई : ताप, जोराचा श्वास, दूध न ओढणे. खेड्यात दुसरे साधन नसते आणि जीव वाचवण्यासाठी ही यादी उत्तम आहे, कारण ती संशयाचा फायदा बाळाला देते. पण तिच्यात विषाणूंमुळे आलेली सर्दी, साधा ताप हेही येतात, ज्यांवर पुडीचा परिणाम होण्याची अपेक्षा कमी. खोट्या घंटांच्या गोंगाटात खरी घंटा मंद ऐकू येते. संशोधकांनी हे ओळखले होते. अधिक मोठी चाचणी आणि अधिक नेमकी कसोटी हवी, असे त्यांनीच निबंधाच्या शेवटी लिहिले. निबंधात आणखी दोन नोंदी आहेत. पुडी घेतलेल्या बाळांचे रुग्णालयातील दिवस कमी होते, मध्यम मूल्य सहाऐवजी तीन. आणि दहा टक्के बाळे आजारी पडण्याचा टप्पा प्लासिबो गटात 25 व्या दिवशी आला, तर पुडीच्या गटात 40 व्या दिवशी. हा दुसरा फरकही लक्षणीयतेच्या रेषेच्या जरा अलीकडेच थांबला. पण तान्ह्या बाळाच्या आयुष्यात पंधरा दिवसांची सवड म्हणजे काय, हे कुठल्याही बाळंतिणीला विचारावे.

दोन चाचण्यांत मोठी कोण, हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. एकीत एक जिवाणू, दुसरीत आठ. एकीत शर्करेची शिदोरी, दुसरीत नाही. एकीत सात दिवस, दुसरीत तीस. आणि बाळांचा समूहच निराळा. ‘प्रोबायोटिक उपयोगी आहे का’ असे विचारणे म्हणजे ‘गोळी उपयोगी आहे का’ असे विचारण्यासारखे आहे. कोणती गोळी, कोणत्या रोग्याला? एकाच जातीच्या जिवाणूचे दोन वाणही सारखे वागत नाहीत, आणि पुडीवर वाणाचा क्रमांक क्वचितच ठळक छापलेला असतो. ‘व्हीएसएल#3’ ची कथा तर याहून मासलेवाईक आहे. 2016 नंतर हे नाव आणि मूळ मिश्रणाचे सूत्र यांची फारकत झाली. सूत्राचे जनक क्लॉडिओ दे सिमोने यांचे मिश्रण निराळ्या नावांनी विकले जाऊ लागले, जुन्या नावाखाली निराळे मिश्रण आले, आणि वाद अमेरिकेच्या न्यायालयात गेला. म्हणजे 2015 चा निबंध वाचून कोणी त्याच नावाची पुडी दुकानात मागितली, तर निबंधातील जिवाणू मिळतीलच असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2011 मध्ये अन्नातील प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत वाणाची ओळख पटवणे ही आरंभीचीच अट आहे, ती याच कारणाने.

आणि पुडी निरुपद्रवी आहे, ‘दहीच तर आहे’, हा समज कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत धोक्याचा आहे. 2014 मध्ये अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मृत्यू झाला. त्याला दिलेल्या प्रोबायोटिक भुकटीत ऱ्हायझोपस ही बुरशी मिसळलेली निघाली. 2023 मध्ये एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या रक्तात, त्याला दिलेल्या पुडीतीलच बिफिडोबॅक्टेरियम शिरल्याचे दिसले आणि ते बाळ दगावले. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयांना सावधगिरीचे पत्र पाठवले. अशा घटना विरळ आहेत. हजारो बाळांच्या चाचण्यांत जिवाणू सामान्यतः सुरक्षित ठरले आहेत. पण चाचणीतील पुडी तपासलेली असते, शीतपेटीत राहिलेली असते, तिच्या मागे बाळाकडे रोज पाहणारा कोणी असतो. उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर महिनाभर पडलेल्या पुडीत किती जिवाणू जिवंत आहेत, आणि कोणते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. डॉक्टरांनी न सांगता अशी पुडी दीड-दोन किलोच्या बाळाला चाटवणे म्हणजे मधाच्या बोटाचीच नवी आवृत्ती.

नोव्हेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाच्या व अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी नव्या शिफारशी केल्या. प्रोबायोटिकबद्दलची शिफारस सशर्त आणि मोजून मापून केलेली आहे : 32 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या, मानवी दूध घेणाऱ्या बाळांना ती देण्याचा विचार करता येईल. पूर्ण दिवसांचे पण 1800 ग्रॅमचे बाळ, जे विदर्भात, छत्तीसगडात, ओडिशात घरोघरी दिसते, त्या वाक्यात येत नाही. नेमक्या याच बाळासाठी सेवाग्रामच्या अपुऱ्या उत्तरातून पुढची चाचणी आखली गेली. तिचा आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला : भारतातील सहा केंद्रे, सहा हजारांहून अधिक कमी वजनाची बाळे, दे सिमोने यांचेच मूळ मिश्रण, आणि सेप्सिसची अधिक काटेकोर व्याख्या. 1340 ची चौपट किती होते याचा हिशेब त्या संख्येत दिसतो.

शासनाच्या घरभेटींच्या वेळापत्रकानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा किंवा मितानिन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक, श्वास मोजायला घड्याळ आणि बाळाला गुंडाळायला दुपटे असते. ती बाळाला आईच्या छातीशी धरायला लावते, अंगावरचे दूध पाजायला सांगते, हात धुवायला सांगते, आणि श्वास मिनिटाला साठच्या वर गेला की दवाखान्याची चिठ्ठी देते. जिवाणूंची पुडी त्या पिशवीत अजून नाही.